मुलाची बुद्धी घडते कोठे?

(पालक व शिक्षक यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘आमच्या पोराला डोकेच नाही’ हे वाक्य आपल्या गावात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते बोलणाऱ्याला त्यात आपण एक निकाल देत आहोत याची जाणीवही नसते. परीक्षेचा कागद हाती येतो, त्यावर तांबड्या शाईचे आकडे असतात, आणि आठ वर्षांच्या मुलाची बुद्धी कायमची तोलून मोकळे होण्यात येते. कोणी ते दैवावर घालतो, कोणी घराण्यावर, कोणी मास्तरांवर. परंतु ज्या तराजूने हे वजन केले तो तराजू कोणता, त्याचा काटा कोणी ठरवला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच प्रश्न आपणांपुढे मांडणार आहोत. मुलाची बुद्धी ही त्याच्या कवटीत जन्मतः ठेवलेली गंगाजळी आहे, की घर, गल्ली, बाजार, भाषा आणि शाळा यांच्या हातांनी ती रोज घडत जाते?

प्रथम एक परदेशची हकीकत ऐकावी. ब्राझील देशात रेसिफे नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे तेरेझिन्हा कॅरहर, डेव्हिड कॅरहर आणि अनालुसिया श्लीमन या तीन अभ्यासकांनी रस्त्यावर नारळ, फळे, मक्याची कणसे विकणाऱ्या पाच मुलांचा हिशेब तपासला व तो १९८५ साली प्रसिद्ध केला. मुले नऊ ते पंधरा वर्षांची. अभ्यासक गिऱ्हाईक बनून गेले, माल घेतला, किंमत विचारली, मोड मागितली. मुलांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. पुढे त्याच मुलांना त्याच आकड्यांची गणिते शाळेच्या पद्धतीने, कागद-पेन्सिल देऊन घातली. केवळ आकडेमोडीत बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ३७ वर आले. शाब्दिक उदाहरणांत ते शेकडा ७४ च्या आसपास राहिले.

त्यांतील बारा वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण तर मनात कोरून ठेवण्याजोगे आहे. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, चारांचे किती? मुलाने तिघांचे एकशेपाच धरले, त्यांत आधी तीस मिळवले, मग उरलेले पाच, आणि १४० सांगितले. अचूक! तेच ३५ गुणिले ४ कागदावर घातले तेव्हा तो म्हणाला, चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन त्याने तिनात आधीच मिळवले, पाच झाले, त्यांची चौपट वीस केली, आणि उत्तर लिहिले २००. एकच मुलगा, एकच गुणाकार, एकच डोके. रस्त्यावर ते हुशार ठरले आणि कागदावर मठ्ठ! मग बुद्धी कोठे गेली? ती कोठेही गेली नव्हती. रस्त्यावर तिला नारळ, नाणी आणि गिऱ्हाईक यांचा आधार होता. कागदावर तो आधार काढून घेऊन एक परकी रीत तिच्या हाती दिली गेली.

कोणी म्हणेल, ब्राझीलचे आम्हांस काय? तर आपल्याच देशातील दाखला घ्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निष्कर्ष तोच. बाजारातला गुंतागुंतीचा हिशेब जवळजवळ सर्व मुले तोंडी करतात. तेवढाच, किंबहुना त्याहून सोपा हिशेब शाळेच्या नुसत्या आकड्यांत समोर आला की अडखळतात. पण या पाहणीची दुसरी बाजू अधिक विचार करण्यासारखी आहे. अभ्यासकांनी शाळेत जाणारी ४७१ मुलेही तपासली. पुस्तकी गणितात ती सरस. पण बाजारातला साधा व्यवहार समोर येताच तीही गांगरली. म्हणजे बाजाराची विद्या शाळेत पोचत नाही, आणि शाळेची विद्या बाजारात पोचत नाही. मधला ओढा दोन्ही काठांना सारखाच अडवतो, आणि त्यावर साकव बांधण्याचे काम मुलांचे नव्हे. ते आपले आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय पाया ज्याने घातला त्या पुरुषाचे नाव लेव्ह विगॉट्स्की. १८९६ साली तो जन्मला, गोमेल या गावी वाढला, तेथेच शिक्षकी केली, १९२४ साली मॉस्कोस गेला आणि १९३४ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मनुष्य जसा हाताने काम करताना कुऱ्हाड-कुदळ वापरतो, तसाच तो विचार करतानाही अवजारे वापरतो. शब्द, अंक, लिपी, नकाशा, पाढा ही ती अवजारे. ती कोणा मुलाने एकट्याने निर्माण केलेली नसतात. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडवून ठेवलेली असतात. मूल ती प्रथम दुसऱ्याच्या संगतीत हाताळते आणि मग ती त्याच्या आत उतरतात. आई मोठ्याने मोजते, मूल तिच्यामागून मोजते, आणि एक दिवस ते ओठ न हलवता मनात मोजू लागते. आधी माणसामाणसांत, मग मनात, असा हा क्रम आहे.

त्याचा दुसरा सिद्धांत शिक्षकांनी विशेष ध्यानी धरावा. मुलाला एकट्याने काय येते एवढेच पाहू नका. जाणत्या माणसाने थोडा हात दिला तर काय साधते तेही पाहा. या दोहोंमधला जो पट्टा, त्यातच उद्याची वाढ असते. दोन मुलांना एकट्याने सारखेच गुण पडतील. पण इशारा मिळताच एक दोन पावले जाईल, दुसरा पाच. आमची परीक्षा या पाच पावलांची नोंदच करीत नाही.

विगॉट्स्कीचा सहकारी अलेक्झांडर लुरिया याने १९३१ व १९३२ साली उझबेकिस्तान व किर्गिझिया या भागांत जाऊन निरक्षर शेतकरी आणि नुकतेच लिहावाचावयास शिकलेले लोक यांच्या विचारपद्धतीची तुलना केली. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतून विजोड वस्तू काढा, असे सांगितले. निरक्षर शेतकऱ्यांनी ओंडका काढला नाही. ओंडकाच नसेल तर करवतीने कापायचे काय, असा त्यांचा सवाल! बर्फाच्या प्रदेशातील सर्व अस्वले पांढरी असतात, अमुक गाव त्या प्रदेशात आहे, तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची, असे विचारले असता, जे पाहिले नाही त्याविषयी आम्ही बोलत नाही, असे उत्तर मिळाले. थोडे शालेय शिक्षण झालेल्यांनी मात्र दिलेल्या विधानांवरून अनुमान काढले.

यावर सावध राहिले पाहिजे. लुरियाला यात खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाणारी माणसे दिसली. पण ज्याने आयुष्यभर शेती केली, त्याने न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देण्यास नकार दिला, तर तो बुद्धीचा अभाव म्हणावा काय? आपल्या कोर्टात साक्षीदाराकडून हीच तर अपेक्षा असते! त्या अभ्यासाचे पुस्तक रशियातच १९७४ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात वाई नावाच्या लोकांचा अभ्यास केला व १९८१ साली तो ग्रंथरूपाने मांडला. या लोकांची स्वतःची लिपी आहे. ती शाळेत नव्हे, घरीदारी शिकली जाते आणि पत्रे व हिशेब यांसाठी वापरली जाते. काही जण कुराणासाठी अरबी शिकतात, काही शाळेत इंग्रजी. आढळले ते असे : केवळ अक्षर आले म्हणून सर्व बुद्धी एकदम उजळत नाही. पाठांतराने शिकणारे यादीत एकेक शब्द वाढवीत लक्षात ठेवण्यात पटाईत. आपल्या उत्तराची कारणे शब्दांत सांगण्यात शाळेत गेलेले पुढे. ज्याने ज्या अवजाराचा सराव केला, त्याला त्या अवजाराचे कसब आले. कोणते मन वरचे आणि कोणते खालचे, हा वाद येथेच निकालात निघतो.

आता ही गोष्ट आपल्या उंबरठ्याच्या आत आणू. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे शब्द आपल्यातील वृद्धांच्या कानांत अजून घुमत असतील. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीन यांचे हे पाढे. जगातील पुष्कळशा मुलांना अपूर्णांक म्हटला की घाम फुटतो. मराठी मुलगा तो चालीवर म्हणत असे. याचे कारण त्याच्या रक्तात काही निराळे होते असे नव्हे. रुपयाचे सोळा आणे होते, शेर होता, पावशेर होता. व्यवहार पाव-पाऊण-दिडात चालत होता, म्हणून समाजाने ते अवजार घडवून मुलाच्या हाती दिले. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. आणे गेले आणि पाढ्यांचे बाजारातील कामही गेले. शाळेतून तेही हळूहळू मावळले. मुलांची बुद्धी घटली काय? नाही. अवजार बदलले. मात्र जुने अवजार टाकताना त्याने जे कसब दिले होते ते नव्याने कसे द्यावयाचे, याचा विचार झाला नाही, हे खरे दुखणे आहे.

भाषेचेही तसेच. आपण त्र्याहत्तर म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि सत्तर मागून. लिहिताना मात्र सात आधी आणि तीन नंतर. एकोणऐंशी हा शब्द ऐंशीचा आधार घेतो, पण लिहिलेल्या ७९ त आठाचा पत्ताच नाही! सहा वर्षांच्या मुलाने हे लिहिताना उलटसुलट केले तर तो दोष त्याच्या डोक्याचा नव्हे. त्या शब्दाच्या घडणीतच ती मेख आहे. चिनी भाषेत संख्यांची नावे सरळ आहेत, दहा-एक, दहा-दोन, सात-दहा-तीन अशी. केविन मिलर व त्याचे सहकारी यांनी १९९५ साली दाखवले की, चिनी व अमेरिकन बालके दहापर्यंत सारखीच मोजतात. फरक पडतो तो दहाच्या पुढे, जेथे इंग्रजीतली नावे अनियमित होतात. आणि दूर चीनला कशाला जावे? आपल्या शेजारी बोलली जाणारी कन्नड भाषा एकवीसला इप्पत्तोंदु म्हणते, म्हणजे वीस-एक. एकोणऐंशीला एप्पत्तोंबत्तू, म्हणजे सत्तर-नऊ. दशक आधी, एकक नंतर. या एका बाबतीत शेजाऱ्याची वाट सरळ आहे हे मान्य करण्यात आपल्या मराठीचे काही उणे होत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! आमचे मत विचाराल तर, त्र्याहत्तर हा शब्द घराचा आहे, तो जाता कामा नये. पण पहिली-दुसरीच्या मुलाला ‘सत्तर आणि तीन’ ही पायरी दाखवली म्हणून भाषा बुडत नाही. पायरी चढून मूल घरातच येते.

येथे दुसऱ्या टोकाचाही एक इशारा देतो. हल्ली गल्लोगल्ली मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवणारे वर्ग निघाले आहेत आणि ‘बुद्धी दुप्पट करा’ अशी त्यांची जाहिरात असते. सयाजीराव महाराजांनी ज्या राज्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच बडोद्यात एका शाळेतील मुलांवर अमेरिकन अभ्यासकांनी तीन वर्षे याचा प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. मण्यांची पाटी डोळ्यांपुढे आणून हिशेब करणारी मुले अंकगणितात पुढे गेली, हे खरे. पण स्मरणशक्ती वगैरे मनाच्या सर्वसाधारण शक्तींत काही वाढ दिसली नाही. कुदळ चांगली चालवता आली म्हणून सुई चालवता येत नाही. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे.

आणि आता मुद्द्याचा गाभा. सीमेवरच्या आपल्या मुलाच्या कानावर घरी मराठी, रस्त्यात व कचेरीत कन्नड, गाण्यात व बाजारात हिंदी, आणि शाळेत इंग्रजी पडते. कित्येक पालकांना वाटते की, इतक्या भाषांनी पोराचे डोके गोंधळेल. म्हणून एक भाषा कमी करावी, आणि कमी करावयाची ती घरची! ही भीती जुनी आहे. १९२३ साली वेल्समध्ये डी. जे. सेअर याने, खेड्यातील द्विभाषिक मुले बुद्धीच्या परीक्षेत मागे पडतात, असा निष्कर्ष काढला होता. परंतु १९६२ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी, कुटुंबांची परिस्थिती सारखी धरून, दहा वर्षांची मुले तपासली तेव्हा फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलेच सरस ठरली. द्विभाषिकतेचा लाभ नेमका किती, याविषयी विद्वानांत आजही वाद आहे. पण दोन भाषांनी डोके बिघडते, हा समज मात्र टिकलेला नाही.

तेव्हा इंग्रजी शिकू नका, असे आम्ही म्हणत नाही. कन्नड शिकू नका, असे तर मुळीच नाही. ज्या मातीत राहावयाचे तिची बोली यावीच. आमचे सांगणे एवढेच की, ज्या भाषेत मूल ‘का?’ विचारावयास शिकले, ती त्याच्या विचाराची पहिली पायरी आहे. ती काढून घेतली तर वरच्या पायरीवर त्याने उडी मारावी काय? ज्या आईला इंग्रजी येत नाही, ती पोराचे पुस्तक हाती धरण्यास कचरू लागते. ज्या आजीजवळ शंभर कोडी आणि उखाणे आहेत, ती ‘आता त्याला आमचे कशाला’ म्हणून गप्प बसते. अशा रीतीने शाळेत इंग्रजी येण्याआधीच घरातला संवाद आटतो. संवाद आटला की विगॉट्स्कीने सांगितलेला तो मदतीचा हातच नाहीसा होतो. खरी हानी आहे ती येथे. पाठ्यपुस्तक कोणत्या भाषेचे, हा प्रश्न मोठाच आहे. पण घरात मुलाशी बोलावयास कोणी उरले आहे काय, हा त्याहून मोठा आहे.

राज्यघटनेत १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते राज्यांस बजावते. तो आपला हक्क आहे आणि तो मागत राहिले पाहिजे. परंतु ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकारच्या खटल्यात निर्णय दिला की, प्राथमिक शाळेतील माध्यमाची निवड पालकाची आहे. सरकारला मातृभाषेची सक्ती करता येत नाही. म्हणजे चेंडू आता आपल्याच अंगणात आहे. सरकारकडे बोट दाखवणाऱ्याने आपले मूल कोणत्या शाळेत जाते आणि घरी आपण त्याच्याशी कोणत्या भाषेत, किती वेळ बोलतो, याचाही जाब स्वतःस द्यावयास हवा.

मग करावयाचे काय? वाट आपल्याच माणसांनी आखून ठेवली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी काम उभे केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या बायका रडत बसल्या नाहीत. शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे आणि पाने यांतून साधने केली. मुलाचे जग हा अडथळा न मानता त्यांनी तोच पाया मानला. १९७५ साली केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने तेच अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

तो धडा आपण गिरवावा. शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस गणिताचा तास बाजाराच्या हिशेबाने सुरू करावा आणि पाटीवरच्या रीतीने संपवावा. भाजीवाल्याच्या मुलाने तोंडी कसे केले ते वर्गाला सांगावे, आणि मग तेच कागदावर कसे मांडतात ते सर्वांनी मिळून पाहावे. साकव म्हणतात तो हाच. पेपर तपासताना चुकलेल्या उत्तराशेजारी ‘हे तू कसे केलेस?’ एवढे विचारावे. निम्म्या चुकांत एक शहाणपण दडलेले सापडेल. पालकांनी मुलाला दुकानात पाठवावे आणि हिशेब मागावा, रागाने नव्हे, कौतुकाने. आजी-आजोबांनी आपले पाढे, कोडी, गोष्टी यांची लाज सोडावी. त्या ठेवीवर नातवाचा हक्क आहे. आणि ज्याच्या घरी हे सांगणारे कोणी नाही, ज्याची आई पहाटे कामाला जाऊन रात्री परतते, त्या मुलासाठी आपल्या वाचनालयाचा एक कोपरा संध्याकाळी उघडा राहील, एवढी व्यवस्था या सभेने करावी. मदतीचा हात ज्याला घरी मिळत नाही त्याला तो गावाने दिला पाहिजे. नाही तर बुद्धीचे दारिद्र्य म्हणून ज्याची आपण हेटाळणी करतो, ते वस्तुतः आपल्या शेजारधर्माचे दारिद्र्य ठरेल.

पालकहो, मूल मठ्ठ आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच्या हाती आपण कोणती अवजारे दिली हे एकवार मोजून पाहा. मोजणी संपल्यावरही ते वाक्य तोंडी आलेच, तर ते मुलाला उद्देशून उच्चारू नका. आधी स्वतःस विचारा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.